‘मृच्छकटिक’ बसवायला घेताना: संहितेचं परीक्षण, पात्रांच्या अंगाने

शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ हे चांगुलपणावरचं नाटक आहे, असं सगळेच सांगतात. तालमीत मात्र हेच वाक्य घात करतं. नायक चारुदत्त झालेला नट पहिल्या प्रवेशापासून आवाज खाली ओढून, डोळे ओले करून ‘चांगला माणूस’ दिसायला लागतो. त्याच्यावर जीव जडलेली गणिका वसंतसेना सोज्वळ हसत राहते. दुसरा अंक संपेपर्यंत जत्रेच्या मांडवातली मागची रांग चहाला उठलेली असते. यात दोष संहितेचा नाही. या संहितेत कुणीही नुसतं चांगलं ‘असत’ नाही. प्रत्येक जण काहीतरी देतो, त्या देण्याला किंमत असते, आणि ते देणं लपवण्यासाठी तो बहुतेक वेळा खोटं बोलतो. गोव्यातल्या हौशी मंडळांनी यंदाच्या काल्याला किंवा कला अकादमीच्या स्पर्धेला हे नाटक घ्यावं का, याचं उत्तर ‘हो, जरूर’ असं आहे. पण पात्रं या अंगाने समजून घेणार असाल तरच.

आधी संहितेबद्दल. मूळ संस्कृत ‘प्रकरण’ (हा एक नाट्यप्रकार) दहा अंकांचं आहे. पहिले चार अंक भासाच्या नावावर असलेल्या ‘चारुदत्त’ या नाटकाशी इतके जुळतात की शूद्रकाने तेच पुढे वाढवलं, असं बरेच अभ्यासक मानतात. मराठीत गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत मृच्छकटिक’ आहे. ‘रजनिनाथ हा नभीं उगवला’ हे पद गोव्यातल्या गाणाऱ्या घरांना वेगळं सांगायला नको. तुमच्याकडे पायपेटीवर बसणारा चांगला साथीदार आणि गळ्याची तयारी असलेले दोन नट असतील तर देवलांची संहिता घ्या. नसतील तर गद्य अनुवाद घ्या, आणि पदं अर्धवट गाऊन घेण्याचा मोह टाळा. पात्रं समजून घ्यायला मात्र दोन्ही वाटांना मूळ दहा अंकांचा अनुवाद एकदा पूर्ण वाचावाच लागतो. कारण रंगावृत्तीत जी वाक्यं आधी कापली जातात, नेमक्या त्यांतच पात्रांची गुपितं असतात.

ती गुपितं म्हणजे खोटं बोलण्याच्या जागा. त्या क्रमाने पाहू.

पहिल्या अंकात वसंतसेना आपले दागिने चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवते आणि म्हणते की हे पापी लोक या दागिन्यांसाठीच माझ्या मागे लागले आहेत. राजाचा मेहुणा शकार दागिन्यांसाठी नव्हे, तिच्यासाठी मागे लागला आहे, हे प्रेक्षकांनी आत्ताच पाहिलेलं असतं. तिला या घरात पुन्हा यायला निमित्त हवं आहे. हे पहिलं खोटं स्वतःसाठी आहे.

दुसऱ्या अंकात दहा सुवर्ण हरलेला संवाहक तिच्या घरात घुसतो. तो कधीकाळी चारुदत्ताच्या पदरी अंग चेपायला होता. ती हातातलं कडं काढून दासीला देते आणि बाहेर उभ्या असलेल्या जुगाराच्या अड्डेवाल्याला सांगायला लावते की हे त्या संवाहकानेच पाठवलं आहे. इथे खोटं दुसऱ्यासाठी आहे: कर्ज फिटतं आणि ज्याचं फिटलं त्याची मानही खाली जात नाही.

तिसऱ्या अंकात ठेवीचे दागिने चोरीला जातात. चारुदत्त बायकोचं धन घेणार नाही, हे धूतेला ठाऊक आहे. म्हणून ती रत्नषष्ठीच्या व्रताचं दान म्हणून आपली रत्नमाला चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याच्या हाती देते. त्या माळेला चार समुद्रांचं सार म्हटलं आहे, इतकी ती मोलाची आहे. व्रताला ब्राह्मणाला दान द्यायचं असतं आणि मैत्रेय ब्राह्मण आहे, त्यामुळे बोट ठेवायला जागा उरत नाही.

त्याच अंकात चारुदत्त मैत्रेयाला सांगतो: ही माळ वसंतसेनेला दे आणि म्हण, तुझे दागिने मी आपलेच समजून जुगारात हरलो.

चौथ्या अंकात चोर शर्विलक ते दागिने घेऊन वसंतसेनेच्या दासीला, मदनिकेला, दास्यातून सोडवायला येतो. वसंतसेनेने त्या दोघांचं बोलणं चोरून ऐकलेलं आहे. तरी ती म्हणते: जो हे दागिने आणून देईल त्याला मदनिका द्यायची, असं मला चारुदत्तानेच सांगून ठेवलं आहे. चोर क्षणात पाहुणा होतो.

पाचव्या अंकात तिची दासी मैत्रेयाला सांगते की बाईसाहेब ती रत्नमाला जुगारात हरल्या, तेव्हा तिच्या बदल्यात ही पेटी घ्या. पेटीत अर्थातच मूळचे दागिने असतात. चारुदत्ताचंच वाक्य तिने त्याला परत केलेलं असतं. दोघांचं प्रेम इथे पहिल्यांदा बरोबरीचं होतं. वादळाच्या कवितेपेक्षा हा क्षण शृंगाराला जास्त उपयोगी आहे.

आणि नवव्या अंकात, न्यायसभेत, वसंतसेनेची आई. दागिने समोर ठेवून तिला ओळख विचारतात. ती म्हणते, सारखे दिसतात, पण तेच नव्हेत. शकाराने गळा आवळलेली वसंतसेना मेली असं सगळे समजतात, आणि तिच्या खुनाचा आरोप चारुदत्तावर आहे; त्यालाच वाचवायला ही बाई खोटं बोलते आहे.

ही मालिका कागदावर लिहून तालमीच्या जागी भिंतीला लावा. नाटकाचं यंत्र यात आहे. लोकांनी एकमेकांची अब्रू राखायला दागिन्यांचा खरा इतिहास झाकून ठेवला, म्हणून न्यायसभेत तो इतिहास सांगायला कुणी उरत नाही आणि सगळा पुरावा चारुदत्तावर उलटतो. हा धागा दिसला की नवव्या अंकातला योगायोग प्रेक्षकाला योगायोग वाटत नाही. तो दिसला नाही तर मैत्रेयाच्या काखेतून दागिने पडताना लोक हसतात.

आता एकेक माणूस.

चारुदत्त हा गरीब नाही, गरीब झालेला आहे. सार्थवाहांच्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या, घरातला ब्राह्मण, आणि सगळं देऊन संपवलेला. पहिल्या अंकात तो स्वच्छ सांगतो की संपत्ती गेल्याची चिंता नाही, भाग्य येतं-जातं. जळतं ते हे की पैसा गेला की माणसांचा स्नेहही सैल होतो. म्हणजे त्याचं दुःख अब्रूचं आहे. घरात दिव्याला तेल नाही, हे तो हसत स्वीकारतो. पाहुणा रिकामा गेला तर तो कोसळतो. तिसऱ्या अंकात चोराने भिंतीला पाडलेलं भगदाड पाहून तो आधी त्या कामाचं कौतुक करतो, आणि चोर रिकाम्या हाताने गेला नाही याचा त्याला आनंद होतो. इथे विनोदी नट हशा काढतो आणि गंभीर नट वाक्य गिळतो. दोन्ही चूक. त्याला खरोखर बरं वाटलं आहे. पुढच्याच क्षणी ठेवीची आठवण होते आणि तो मूर्च्छित पडतो. हे दोन्ही एकाच माणसाचे असल्याचं नटाला पटलं पाहिजे.

याच प्रवेशात एक अवघड वळण आहे. मैत्रेय सुचवतो, ठेव दिलीच नव्हती असं म्हणू. चारुदत्त उत्तर देतो की भीक मागून फेडीन, पण चारित्र्य ढळवणारं असत्य बोलणार नाही. आणि काही मिनिटांत तो जुगाराचं खोटं रचतो! ही लेखकाची चूक नाही. मधे त्याने स्वतःच कारण दिलेलं आहे: खरं सांगितलं तर विश्वास कोण ठेवील, गरिबीवर सगळ्यांचा संशय असतो. देणं बुडवणारं खोटं त्याला चालत नाही, दुप्पट फेडणारं चालतं. आणि त्यात थोडा स्वतःच्या नावाचा हव्यासही आहे. चारुदत्ताची भूमिका करणाऱ्याने हा हव्यास झाकू नये. तो दिसला तरच न्यायसभेतलं त्याचं अडखळणं समजतं. तिथे त्याला विचारतात, गणिका तुझी मैत्रीण आहे का, आणि तो लाजून उत्तर टाळतो. जीव धोक्यात असतानाही ‘लोक काय म्हणतील’ हेच आधी येतं. गप्प बसण्याची किंमत तो भरतो.

चारुदत्ताच्या स्वभावाची सगळ्यात चांगली खूण मात्र तो रंगमंचावर नसताना येते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी वसंतसेनेचा सेवक कर्णपूरक हत्तीची हकीकत सांगतो. वसंतसेनेचा मोकाट सुटलेला हत्ती एका भिक्षूला चिरडणार होता, कर्णपूरकाने त्याला वाचवलं, आणि गर्दीतल्या एकाने बक्षीस द्यायला आपल्या अंगावर दागिन्यांच्या जागा चाचपल्या. काही नव्हतं. त्याने वर पाहिलं, लांब श्वास सोडला आणि अंगावरचा शेला फेकला. वेळ वाचवायला हे निवेदन कापण्याची पद्धत आहे. हत्तीचं वर्णन खुशाल कापा, पण हात अंगावर फिरवून रिकामे परत येण्याची ती कृती ठेवाच. कर्णपूरक करणाऱ्याने ती करून दाखवावी. वसंतसेना तो शेला अंगावर घेते, आणि पहिल्या अंकात अंधारात तिला आपली दासी रदनिका समजून चारुदत्ताने दिलेला जाईच्या वासाचा शेला प्रेक्षकांना आठवतो.

वसंतसेना सोपी नाही. तिची श्रीमंती दिसली पाहिजे. चौथ्या अंकाच्या सुरुवातीला शकाराने तिच्यासाठी गाडी आणि दहा हजारांचा अलंकार पाठवलेला असतो, आईचाही निरोप येतो की जा. ती नाकारते. प्रेक्षकाला हा आकडा ऐकू गेला नाही तर तिच्या निवडीचं वजन कळत नाही, म्हणून दासीचं ते वाक्य सावकाश आणि समोर येऊन म्हणायला लावा. वसंतसेनेकडे देण्यासारखं खूप आहे. तिला देणं शिकावं लागत नाही. स्वतःचं नाव पुढे न करता देणं ती शिकत जाते. पहिल्या अंकातलं स्वतःसाठीचं खोटं, मग संवाहकासाठीचं, मग मदनिकेसाठीचं, अशी ही चढती पायरी आहे. सहाव्या अंकात ती कळसाला पोचते. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून चारुदत्ताचा मुलगा रोहसेन तसल्याच गाडीसाठी रडतो आहे, मातीची त्याला नको आहे. ती त्याला जवळ घेते. तो म्हणतो, तू माझी आई नाहीस, माझी आई असती तर तिच्या अंगावर दागिने कसे असते? ती अंगावरचे दागिने उतरवून त्याच्या मातीच्या गाडीत भरते. इथे कोणतंही खोटं नाही, निमित्त नाही, मध्यस्थ नाही. नाटकाला नाव या क्षणामुळे मिळालं. आणि नेमकं हेच उघड, सरळ देणं पुढे चारुदत्ताच्या गळ्याशी येतं.

या प्रवेशात रडायचं कुणी, हे आधी ठरवा. मूल रडत असेल तर वसंतसेनेने रडू नये. तिचे हात कामात हवेत: कानातलं, गळ्यातलं, हातातलं, एकेक, घाई न करता. पार्श्वसंगीताची गरज नाही.

गोव्याच्या प्रेक्षकांसमोर वसंतसेना उभी करताना आणखी एक भान हवं. इथल्या देवळांशी बांधलेल्या कलावंत स्त्रियांचा इतिहास दूरचा नाही, आणि मराठी रंगभूमीला व हिंदुस्थानी संगीताला त्या घरांनी दिलेलं धन सगळ्यांना माहीत आहे. तिला नखरेल करून टाळ्या मिळवणं इथे शोभणार नाही. शेवटी तिला ‘वधू’ म्हणण्यात येतं, तो शब्द स्पष्ट उच्चारला जावा आणि त्यानंतर दोन क्षण थांबावं. पहिल्यापासून तिच्या मनात असलेली ही एकच मागणी आहे.

मैत्रेयाला बहुतेक मंडळं विनोदी नट देतात. द्या, पण घाबरट आणि खरा मित्र असा नट द्या. तो कुरकुरतो, चौरस्त्यावर बळी ठेवायला अंधारात जायला तयार नसतो, गणिकांबद्दल त्याचं मत वाईट आहे, आणि झोपेत बरळताना तोच दागिन्यांची पेटी चोराच्या हातात देतो. पण श्रीमंतीत जेवलेला हा एकच माणूस गरिबीत घर सोडून गेलेला नाही. त्याची कुरकुर जितकी खरी, तितकी न्यायसभेतली धडपड मोठी. मित्रावरचा आरोप ऐकून तो शकारावर धावून जातो आणि त्या झटापटीत काखेतली, वसंतसेनेला परत करायला घेतलेली दागिन्यांची पुरचुंडी सुटते. आपल्या मायेनेच मित्राला बुडवलं, हे त्याच्या चेहऱ्यावर यायला पाच-सहा सेकंद लागू द्या. न्यायाधीशाची वाक्यं तोवर थांबवा.

शर्विलक हा संहितेतला सगळ्यात खेळकर भाग. प्रेमासाठी चोरी करणारा ब्राह्मण, भगदाड कोणत्या आकाराचं पाडावं याची चर्चा करणारा, भाजलेल्या विटांची भिंत म्हणून पूर्णकुंभाचा आकार निवडणारा, आणि मापाची दोरी विसरल्यावर जानव्यानेच माप घेणारा. साप चावल्यावर बोट बांधायलाही तेच जानवं. तरुण नटाला हा प्रवेश आवडतो आणि तो लांबत जातो. आठ मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नका. त्याचं वजन चौथ्या अंकात आहे. मदनिका मिळाल्यावर गाडी दाराशी उभी असताना आर्यक या मित्राला पालक राजाने कैद केल्याची घोषणा ऐकू येते आणि तो नव्या नवरीला सोडून मित्राच्या सुटकेला निघतो. वसंतसेनेकडून मिळालेलं दान त्याने लगेच दुसरीकडे वळवलं. दहाव्या अंकातला राज्यपालट या एका वळणावर उभा आहे. तो पटत नाही अशी तक्रार असते, आणि ती काही अंशी रास्त आहे. आर्यक आपल्याला पुरेसा भेटतच नाही. पण चौथ्या अंकातली ही घोषणा कापली तर तो मुळीच पटणार नाही.

धूता. खरं सांगायचं तर संहितेने तिला कमी दिलं आहे. तिसऱ्या अंकात रत्नमाला, सहाव्यात वसंतसेनेने परत पाठवलेली तीच माळ नाकारणं, दहाव्यात अग्नीकडे निघणं. तिच्या मनात काय चाललं आहे याचं एकही स्वगत नाही. हा या नाटकाचा खरा उणेपणा आहे, आणि आजच्या प्रेक्षकाला तो टोचतो. नवीन संवाद लिहून तो भरू नका. व्रताचं निमित्त सांगताना ती मैत्रेयाच्या डोळ्यांत पाहते आणि तो निमित्त ओळखतो, एवढं दाखवलं तरी ती बुद्धिमान बाई म्हणून उभी राहते.

शकाराबद्दल सावध राहा. राजाचा मेहुणा, ‘स’च्या जागी ‘श’ म्हणणारा, पुराणं उलटीसुलटी करणारा: रावणाला कुंती वश झाली तशी तू मला वश झालीस, असली वाक्यं. आपल्याकडे त्याला हमखास कोकणी हेल किंवा एखाद्या तालुक्याची बोली देऊन हशा घेतात. ते करू नका. त्यामुळे मांडवातल्याच माणसांची बोली मूर्खपणाची खूण ठरते, आणि शकाराची भीतीही निघून जाते. ‘श’ पुरेसा आहे. हा माणूस देतोही, हे लक्षात घ्या: दहा हजारांचा अलंकार, दासाला लाच, विटाला (त्याच्या सोबत्याला) आमिष. त्याच्या प्रत्येक देण्याला आधी अट असते. चारुदत्ताच्या समोर त्याला ठेवायचं ते या एका फरकावर. आठव्या अंकात वसंतसेनेचा गळा आवळण्यापर्यंत प्रेक्षक त्याला हसत आलेले असतात. तिथे हसणं अचानक बंद पडलं पाहिजे. त्यासाठी गळा आवळण्याआधीची त्याची वाक्यं नेहमीच्याच हलक्या सुरात ठेवा, आवाज चढवू नका.

छोट्या भूमिकांत हे नाटक फार श्रीमंत आहे, आणि हौशी मंडळाला हे वरदान आहे. शकाराचा गाडीवान स्थावरक खून करायला नकार देताना म्हणतो, मालकांचा हक्क माझ्या शरीरावर आहे, चारित्र्यावर नाही. त्याला बेड्या घालून वाड्यात कोंडतात. दहाव्या अंकात तो बेड्यांसकट खिडकीतून उडी टाकून सत्य ओरडतो, आणि शकार सांगतो की हा चोर आहे, मी शिक्षा केली म्हणून सूड घेतो आहे. सगळ्या नाटकात सरळ सत्य सांगणारा हा दास, आणि त्याच्यावरच कुणी विश्वास ठेवत नाही. ही भूमिका उमेदवार मुलाला देऊन मोकळे होऊ नका.

सहाव्या अंकातला पहारेकरी चंदनकही तसाच. गाडीत कैदेतून पळालेला आर्यक आहे हे पाहून तो अभय देतो, पण बाहेर येऊन बोलताना जीभ घसरते: ‘आर्य’ म्हणून जातो, मग सुधारून ‘आर्या’ म्हणतो. त्याच्या जोडीच्या वीरकाला संशय येतो. चंदनक म्हणतो, आम्ही दक्षिणेकडचे, आमचे उच्चार असेच. हा विनोद आजही चालतो.

वधाला नेमलेल्या दोन चांडाळांना भीतिदायक रंगवू नका. आपण त्या कुळात जन्मलो असलो तरी चांडाळ नाही, सज्जनाला जे छळतात ते पापी आणि तेच चांडाळ, असं ते स्वतः सांगतात. त्यांतला एक बापाचा सल्ला आठवतो: वध करायची पाळी आली तर घाई करू नकोस, कदाचित कुणी सज्जन पैसे देऊन सोडवील, राजाला मुलगा होईल आणि कैदी सुटतील, हत्ती मोकाट सुटेल, किंवा राजाच बदलेल. ‘उशीर करणं’ ही त्यांच्या हातात असलेली एकमेव दया आहे, आणि तेवढ्यानेच चारुदत्त वाचतो. दहावा अंक वेगाने खेळायचा असतो असा समज आहे. इथे चांडाळांनी वेळ काढायचा आहे. त्यांचं रेंगाळणं दिसलं तर ताण आपोआप वाढतो.

वसंतसेनेच्या आईला एकच प्रवेश आहे, पण तो असा की चांगल्या नटीने तो मागून घ्यावा. ‘माझी मुलगी गेली ती गेली, हा तरी जगू दे’, आणि मग कायद्याच्याच भाषेत: वादी मी आहे, मी सांगते, याला सोडा. धूता आणि आई या भूमिका एकाच नटीला देता येतात. वेशबदलाला भरपूर वेळ आहे, आणि दोघींचं काम एकच आहे. आर्यक आणि एक चांडाळ, पहिल्या व आठव्या अंकातला विट आणि नवव्यातला न्यायाधीश, माथुर (जुगाराचा अड्डेवाला) आणि वीरक अशाही जोड्या जमतात. शर्विलक आणि संवाहक यांना मात्र एकत्र करू नका. शेवटी दोघं लागतात. अशा जोड्या लावून सोळा-सतरा माणसांत नाटक उभं राहतं.

वस्तूंची यादी लहान आहे, पण चुकली तर सगळं कोसळतं. दागिन्यांची पुरचुंडी एका ठळक रंगाच्या कापडात हवी, लाल सगळ्यात बरं, आणि ती शेवटपर्यंत तीच. प्रवास असा: वसंतसेना, चारुदत्त, मैत्रेय, शर्विलक, वसंतसेना, पुन्हा चारुदत्ताचं घर. रत्नमाला वेगळी, पांढऱ्या मण्यांची लांब एकेरी, म्हणजे लांबूनही गल्लत होत नाही. सहाव्या अंकात गाडीत भरलेले दागिने पुरचुंडीतलेच की दुसरे, याचा निर्णय दिग्दर्शकाने घ्यावा. पाचव्या अंकाच्या शेवटी वसंतसेना ते अंगावर चढवताना दाखवली तर प्रेक्षकाचा गोंधळ होत नाही. न्यायसभेत पुरचुंडी पडताना आवाज यावा म्हणून आत दोन पितळी बांगड्या टाका. ती काखेत नुसती दाबून धरायची. पिन लावली की ऐन वेळी सुटत नाही. शिक्षेनंतर राजाच्या हुकमाने तेच दागिने चारुदत्ताच्या गळ्यात बांधतात. ड्रेपरीवाल्याकडून आलेल्या फुलांच्या माळेखाली ते झाकले जातात, तेवढं पाहा.

मातीची गाडी भाजलेल्या मातीचीच घ्या, थर्माकोलची नको. डिचोलीच्या कुंभाराकडे सांगितली तर करून मिळते. आत ओंजळभर दागिने मावतील एवढी, वीतभर लांब पुरे. दोन करून घ्या, एक तालमीत फुटतेच. चाकं फिरती असतील तर सतरंजीवर अडकतात, म्हणून दोरीने ओढण्याऐवजी मुलाने ती छातीशी धरून आणावी.

देवळाच्या उघड्या मांडवात पहिल्या अंकातला दिवा विझवणं फसतं. वारा असला तर दिवा वसंतसेना येण्याआधीच जातो, आणि ती विझलेल्या दिव्यावर पदर फडकवते. खरी ज्योत नकोच. झाकलेला बल्ब आणि प्रकाशयोजनेवर बसलेल्या माणसाला पदराची खूण, हे जास्त भरवशाचं. फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात किंवा पणजीला कला अकादमीत खेळ असेल तर ही अडचण नाही. तिथे उलट अंधार इतका दाट होतो की शकार-रदनिका गोंधळ दिसत नाही, तेव्हा निळसर उजेड ठेवा.

काय कापावं? पाचव्या अंकातलं वादळाचं काव्य तीन-चार श्लोकांवर आणा. चौथ्या अंकात मैत्रेय वसंतसेनेच्या वाड्यातल्या आठ चौकांचं वर्णन करतो, ते एका चौकावर आणा. सातवा अंक आधीच लहान आहे, त्याला हात लावू नका. तिथे चारुदत्त पळून आलेल्या आर्यकाची बेडी काढायला लावतो, ती जुन्या विहिरीत टाकायला सांगतो आणि स्वतःची गाडी देतो. अनोळखी माणसाला दिलेलं हे अभय दहाव्या अंकात फळतं. सहाव्या अंकात चारुदत्ताचा गाडीवान वर्धमानक गाडीतली बैठक विसरून परत जातो, ते वाक्यही ठेवा. ते गेलं तर गाड्यांची अदलाबदल कळतच नाही, आणि पुढचे दोन अंक प्रेक्षक शेजाऱ्याला विचारत बसतो. एवढं कापून खेळ अडीच-तीन तासांत बसतो.

शेवटच्या प्रवेशात शकार चारुदत्ताच्या पायांवर पडतो. लोक म्हणतात मारा. चारुदत्त म्हणतो, शरण येऊन पाया पडलेल्या अपराधी शत्रूला शस्त्राने मारू नये. मग कुत्र्यांना घालू, असं शर्विलक म्हणतो. उत्तर येतं: नाही, ‘उपकारहतस्तु कर्तव्यः’, त्याला उपकाराने मारायचं. हे वाक्य क्षमाशील संताच्या सुरात म्हटलं की पडतं. चारुदत्ताच्या गळ्यात थोड्या वेळापूर्वी वधाची माळ होती, आणि या माणसाने त्याच्या मुलालाही मारायला सांगितलं होतं. वाक्याआधी त्याने मुलाकडे पाहावं, आणि मग ते कोरडं, ठाम म्हणावं. ज्या मंडळात चारुदत्ताला हे वाक्य असं म्हणता येईल असा चाळिशीच्या आसपासचा नट आहे, त्यांनी यंदाच ही संहिता घ्यावी. फक्त देखणा आणि गाणारा नायक हाताशी असेल तर एखादं हलकं संगीत नाटक घ्या आणि हे पुढच्या वर्षीच्या तालमीला ठेवा.